'गमत नाही' म्हणणाऱ्यांसाठी आणि ते ऐकणाऱ्यांसाठीही

माननीय संपादक,
स. न.

पावसाळा लागला की नागपूरलगतच्या मिहान, बुटीबोरी आणि हिंगण्याच्या कंपन्यांत पहिल्या नोकरीला लागलेली मुलं-मुली शहरात उतरतात. कुणी गडचिरोली, गोंदिया, मेळघाटाकडचं, तर कुणी थेट कोल्हापूर-साताऱ्याहून आलेलं. मनीषनगर, बेसा किंवा हिंगणा रोडला खोली मिळते आणि गावी पेढेही वाटून झालेले असतात. मग दहा-बारा दिवसांत फोनवर एक वाक्य येतं : "आई, इथं गमत नाही," म्हणजे करमत नाही, घरची आठवण येते. त्यावर घरोघरी दोनच उत्तरं तयार असतात. "होईल सवय" किंवा "मग ये परत." पहिल्या उत्तराने मुलाचं बोलणं बंद होतं, दुसऱ्याने त्याचे पाय डळमळतात. या दोन उत्तरांच्या मधे करण्यासारखं पुष्कळ आहे आणि ते कुणी नीट सांगत नाही, म्हणून हे पत्र.

आधी हे होतं कशामुळे ते पाहू. परक्या जागी पहिल्या काही रात्री मेंदू अर्धा जागाच राहतो. पंख्याचा आवाज वेगळा, जिन्यातली पावलं अनोळखी. झोप उथळ लागते. त्यात घरी आपोआप होणाऱ्या गोष्टी, म्हणजे चहा कोण ठेवणार, जेवण किती वाजता, कपडे कधी धुवायचे, हे सगळं आता रोज ठरवावं लागतं. दिवसभर नवं काम शिकून डोकं थकलेलं असतं, दुपारचं जेवण अर्धवट झालेलं असतं, आणि संध्याकाळी सहा ते नऊच्या दरम्यान पोटात खड्डा पडतो. रविवारी हेच दुपारी चारपासून सुरू होतं. भूक, अपुरी झोप आणि धडधड यांचा अर्थ मूल लावतं तो असा : 'मला हे जमणार नाही.' बऱ्याचदा त्या संध्याकाळी शरीराला हवी असते ती एक भाकर आणि आठ तासांची झोप.

म्हणून पहिल्या आठवड्यात मन सावरायच्या फंदात पडू नये, खोली सावरावी. गादी, उशी आणि घरचीच चादर. न धुता आणलेली असली तरी चालेल, ओळखीच्या वासाने झोप लवकर लागते. एक खुर्ची घ्यावी. पलंगावरच जेवण, लॅपटॉप आणि फोन चालू झाला की पलंग आणि झोप यांचा संबंध सुटतो. उठायची वेळ एकच ठेवावी, सुट्टीच्या दिवशीही फार तर एक तास इकडे-तिकडे. झोपायची वेळ जबरदस्तीने पाळता येत नाही, उठायची पाळता येते आणि तिच्यामागे झोप येते. वीस मिनिटं लोळूनही डोळा लागला नाही तर उठून खुर्चीत बसावं, जांभया येऊ लागल्या की परत जावं.

जेवण खोलीत मागवू नये. ही गोष्ट किरकोळ वाटते, पण आमच्या मते सगळ्यात जास्त फरक इथेच पडतो. खानावळीत रोज एकाच वेळी, जमल्यास एकाच टेबलावर बसावं. सकाळी पोह्याची गाडीही एकच धरावी. तीन-चार आठवड्यांत गाडीवाला "तर्री कमी ना?" असं स्वतःहून विचारतो. ही मैत्री नव्हे, पण आपण दिसलो नाही तर कुणाच्या तरी लक्षात येईल एवढी ओळख शहरात झाली की छातीवरचं ओझं हलकं होतं. डबा खोलीत आणून मोबाइल बघत जेवणाऱ्याला तीन महिन्यांनीही शहर परकंच राहतं.

आता फोन आणि घरी जाणं. चंद्रपूर, यवतमाळ, गोंदिया जवळ असल्यामुळे दर शनिवारी बॅग उचलली जाते. त्यात चूक अशी होते की दर सोमवारी मूल पुन्हा पहिल्या दिवसावर येतं. सवय लागायला सलग दिवस लागतात, रविवार तर लागतोच. त्यातही सोमवारच्या पहाटेची बस पकडून, न झोपता थेट कामावर जाणारे पुष्कळ आहेत. मग अकराच्या सुमाराला हात थरथरतात आणि 'नोकरीच सोसत नाही' असं वाटतं. पहिली भेट तीन ते चार आठवड्यांनी ठेवावी, पुढेही तेवढंच अंतर ठेवावं, आणि परत यायचं ते रविवारी दिवे लागायच्या आत. तारीख आधी ठरवून कॅलेंडरवर लिहावी. 'कधी जाऊ' हा प्रश्न जेवढा छळतो तेवढं अंतर छळत नाही. लांबच्यांनी दिवाळीचं रेल्वे तिकीट ६० दिवस आधी, आरक्षण उघडतं त्याच सकाळी काढावं. नोव्हेंबर २०२४ पासून आगाऊ आरक्षणाची मुदत तेवढीच आहे, आधीसारखी १२० दिवसांची नाही.

फोन रोज करावा, पण रात्रीच्या जेवणानंतर, पंधरा-वीस मिनिटं. दिवसभर व्हिडिओ कॉल चालू ठेवला तर माणूस शरीराने नागपुरात आणि जिवाने गावी राहतो, आणि दोन्हीकडचं काहीच हाती लागत नाही. घरच्यांनी "जेवलास का?" एकदाच विचारावं आणि मग घरातल्या गोष्टी सांगाव्यात : गाय व्याली, शेजारी बोअर मारली, आजोबांचा चष्मा सापडला. "तुझ्याशिवाय घर खायला उठतं" हे वाक्य पहिले दोन महिने गिळावं. आजारपण मात्र लपवू नये. एकदा लपवलेलं कळलं की पुढे प्रत्येक "सगळं ठीक आहे"वर मुलाचा संशय बसतो आणि तो रात्रभर जागतो.

सण हा वेगळाच घाव असतो. पोळा किंवा गणपती खोलीत एकट्याने काढू नये. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी तान्हा पोळा असतो आणि जुन्या नागपुरात मारबतीच्या मोठ्या पुतळ्यांची मिरवणूक निघते. तिथे जाऊन गर्दीत उभं राहावं. एरवी आठवड्यातून दोन संध्याकाळी अंबाझरी, फुटाळा किंवा सेमिनरी हिल्सला अर्धा तास भराभर चालावं. खापरीहून मेट्रोने सीताबर्डी गाठता येते, हिंगण्याकडच्यांना लोकमान्यनगरहून. उन्हाळ्यात पारा ४५ च्या आसपास असतो तेव्हा हे पहाटेच करावं.

कामाच्या ठिकाणची चिंता बहुधा न विचारलेल्या प्रश्नांतून वाढते. पहिल्या महिन्यात प्रश्न विचारणं अपेक्षितच असतं. चौथ्या महिन्यात तोच प्रश्न अवघड होतो. एक वही ठेवावी. अडलेलं लिहावं, अर्धा तास स्वतः प्रयत्न करावा आणि जेवणाच्या सुट्टीआधी दोन-तीन प्रश्न एकदम विचारावेत. रात्रीच्या विचारांसाठी संध्याकाळी सात ते सव्वासात एवढीच वेळ राखावी : एका रकान्यात उद्या करता येईल ते, दुसऱ्यात आपल्या हातात नाही ते. रात्री दीड वाजता तोच विचार आला की 'उद्या सातला' म्हणायचं. पहिल्या आठवड्यात हे जमत नाही, तिसऱ्यात जमू लागतं. पैशाची चिंताही यात मिसळलेली असते. अनामत भरल्यावर खिसा रिकामा होतो आणि महिन्याच्या मधे रुजू झालेल्याला पहिला पूर्ण पगार दीड महिन्याने दिसतो. तेवढ्या दिवसांचं जेवण-भाडं घरून आधीच मागून घ्यावं, त्यात लाज नाही.

अचानक छाती भरून येणं, श्वास न पुरणं, बोटांना मुंग्या, 'आता मरतो' असं वाटणं, हा घाबरण्याचा झटका असू शकतो. पहिल्यांदा असं झालं तर दवाखान्यात जाऊन ईसीजी काढून घ्यावा, अंदाजावर सोडू नये. हृदय ठीक आहे हे कळल्यावर पुढच्या वेळी जागेवरून पळू नये. पळाल्याने ती जागाच भीतीची होऊन बसते. पाय जमिनीला टेकवावेत, चार मोजत श्वास घ्यावा, सहा मोजत सोडावा. मोठे मोठे श्वास घेऊ नयेत, त्याने मुंग्या वाढतात. झटका साधारण दहा मिनिटांत शिगेला पोचतो आणि बहुतेक वेळा अर्ध्या तासात ओसरतो.

खर्र्याबद्दल, म्हणजे तंबाखू-सुपारी-चुन्याच्या मिश्रणाबद्दल, कळकळीने सांगायचं आहे. नव्या पोराला टीममध्ये सामील करून घ्यायची रीत म्हणून पुडी पुढे केली जाते. तंबाखूने नाडी वाढते, आणि तलफ आल्यावर जी बेचैनी होते तीच पुढच्या खर्र्याने थांबते. पोराला वाटतं, याने टेन्शन कमी झालं. चहाला नाही म्हणू नका, खर्र्याला म्हणा. चहाही दुपारी चारनंतर नको आणि रिकाम्या पोटी नको. मेडिकलच्या दुकानातून चिठ्ठीशिवाय झोपेच्या गोळ्या तर मुळीच नकोत. काही आठवड्यांत त्यांची सवय जडू शकते. सतत थकवा, धडधड, हातपाय बधिर असतील तर हिमोग्लोबिन, थायरॉइड आणि बी-१२ तपासावं. यांतलं काही बिघडलं तरी लक्षणं चिंतेसारखीच दिसतात आणि माणूस उगाच स्वतःला कमकुवत समजत राहतो.

घरची नुसती आठवण येत असेल तर मधे चांगले दिवसही येतात. चौथ्या-सहाव्या आठवड्यापर्यंत ते वाढायला लागतात. सलग दोन आठवडे जवळपास रोज उदास वाटत असेल, कशातच रस नसेल, झोप किंवा वजन उतरत असेल, कामावर जाणं टळत असेल, तर डॉक्टरांकडे जावं. मेडिकल आणि मेयो या सरकारी रुग्णालयांत आणि मिहानमधल्या एम्समध्ये मनोविकार विभाग आहेत, प्रादेशिक मनोरुग्णालयही आहे. त्या नावाला बिचकू नये. औषध दिलं तर त्याचा गुण यायला साधारण दोन ते सहा आठवडे लागतात, सुरुवातीला मळमळ होऊ शकते, आणि बरं वाटलं म्हणून ते मनाने बंद करायचं नसतं. मानसिक आरोग्य सेवा कायदा, २०१७ प्रमाणे उपचारांची माहिती गुप्त ठेवण्याचा रुग्णाला हक्क आहे. विमा कंपन्यांनीही मानसिक आजाराला शारीरिक आजारासारखंच धरावं असं त्याच कायद्यात आहे. जगणं नको, असा विचार आला तर दुसऱ्या दिवसाची वाट पाहू नये. केंद्र सरकारची 'टेली मानस' सेवा १० ऑक्टोबर २०२२ पासून सुरू आहे : १४४१६, मोफत, चोवीस तास, मराठीत. जीवाला लगेच धोका असेल तर ११२ या आपत्कालीन क्रमांकावर फोन करावा.

कंपन्यांकडे मागणं एवढंच : पहिल्या महिन्यात रात्रपाळी देऊ नका, पहिल्या पगारातून थोडी उचल द्या, आणि प्रत्येक नव्याच्या शेजारी दोन वर्षं जुना असा एक सहकारी जेवायला बसेल हे बघा. साहेब नको, सहकारीच हवा. संपादक महोदय, आपल्या नोकरीविषयक पानावर १४४१६ हा आकडा रोज एका कोपऱ्यात छापावा आणि खानावळवाल्यांनी तो कात्रून पाण्याच्या पिंपाशेजारी चिकटवावा, अशी विनंती.

आपले,
समुपदेशनाच्या क्षेत्रात काम करणारे काही जण, नागपूर