सर, तुमची पुलाची म्हण आणि आमची बाग

आदरणीय सर,
सप्रेम नमस्कार.

तोंडावर आभार मानले की तुम्ही "आधी चहा घे" म्हणून विषय बदलता, म्हणून हे सगळ्यांदेखत लिहितोय.

ऑक्टोबर छाटणी होऊन द्राक्षबाग पोंग्यात, म्हणजे कोवळ्या फुटीवर, होती, आभाळ हटत नव्हतं. आणि मला घोर लागला होता फेब्रुवारी-मार्चचा. काढणीला गारपीट झाली तर? मणी तडकले तर? युरोपसाठीचा नमुना रेसिड्यूत, म्हणजे औषधाच्या अंशाच्या तपासणीत, फेल गेला तर? व्यापारी पैसे बुडवून पसार झाला तर? (निफाडकडे हा शेवटचा प्रश्न कुणाला समजावून सांगावा लागत नाही.) झोप उडाली होती, घरात नुसती चिडचिड.

तुम्ही ओट्यावर बसून इंग्रजांची म्हण सांगितलीत: पूल आला की ओलांडू. १८५१ साली लाँगफेलोनेसुद्धा ती 'जुनी म्हण' म्हणूनच वापरली, हेही सांगितलंत. मास्तरांना बोलायला काय जातंय, असं मनात आलं. म्हटलं, सर, गंगापूर धरणातून पाणी सोडलं की गोदावरीतल्या दुतोंड्या मारुतीला कुठवर लागलं ते विचारूनच माणूस पंचवटीकडे निघतो. तुम्ही हसलात आणि पोरीची वही मागितलीत.

पानावर मधोमध उभी रेघ मारलीत. एकेक काळजी मला बोलायला लावलीत आणि दरवेळी विचारलंत, "याचं आज काही करता येतं का?" डावणी रोगाचं येत होतं, पावसाआधी फवारणी. ती डावीकडे. रेसिड्यूचंही येत होतं: कुठलं औषध कधी मारलं, काढणीआधी किती दिवस थांबायचं, सगळं लिहून ठेवायचं. २०१० साली क्लोरमेक्वाट या वाढ रोखणाऱ्या औषधाच्या, म्हणजे आमच्या सीसीसीच्या, अंशापायी युरोपात द्राक्षं अडकली होती हे मी सांगितलं, तेव्हा त्या ओळीखाली तुम्ही दोनदा रेघ ओढलीत. गारपीट आणि भाव उजवीकडे गेले. व्यापाऱ्यावरून मात्र आपली जुंपली. तुम्ही म्हणालात, सौद्याच्या वेळी बघू. मी म्हणालो, तेव्हा फार उशीर होतो. तो अजून रेघेवरच आहे.

त्या रात्री फवारणीचा ब्लोअर फिरवून आलो आणि गाढ झोपलो. बायकोने दुसऱ्या दिवशी तुमच्याकडे शिरा पाठवला तो त्यासाठीच.

माल निघाला. भाव बेताचाच मिळाला. पेटी पाठवतोय, डायबेटिसचं निमित्त करून परत धाडू नका. काकूंशी बोलणं झालंय.

आपला,
शेजारचा बागायतदार