पाम स्प्रिंग्जमधील काँडोच्या जाहिरातीत जमिनीचा भाडेपट्टा लपवल्याबद्दल तक्रार

दि. १२ मे २०२५

प्रति,
मुख्य ब्रोकर,
पाम स्प्रिंग्ज कार्यालय, कॅलिफोर्निया

महोदय,

तुमच्या एजंटबाई आमच्याशी पहिल्या फोनपासून मराठीत बोलत होत्या, म्हणून तक्रारही मराठीतच करतो. भाषांतर त्या करून देतील.

निवृत्तीनंतर थंडीचे महिने वाळवंटातल्या उन्हात काढावेत म्हणून आम्ही दोघं पाम स्प्रिंग्जमध्ये छोटं घर शोधत होतो. तुम्ही दाखवलेला काँडो पसंत पडला. किंमत आसपासच्या तसल्याच घरांपेक्षा बरीच कमी होती. का, असं विचारलं तर ‘मालकांना घाई आहे’ एवढंच उत्तर मिळालं. जाहिरातीत जमीन ‘मालकीची’ असं स्पष्ट छापलेलं होतं. त्या भरवशावर ऑफर दिली, एस्क्रोत, म्हणजे व्यवहार पुरा होईपर्यंत पैसे सांभाळणाऱ्या त्रयस्थाकडे, इसार भरला, घराची तपासणी करून घेतली. नंतर मालकी हक्काची कागदपत्रं तपासणाऱ्या टायटल कंपनीचा प्राथमिक अहवाल हाती आला. जमीन आग्वा कालिएन्ते काहुइया या इथल्या मूळ रहिवासी जमातीच्या राखीव क्षेत्रातली, आणि तिचा भाडेपट्टा २०४९ मध्ये संपणारा!

बाईंना फोन केला तर म्हणाल्या, ‘‘अहो काका, इथे हे असंच असतं.’’ असतंच, मला ठाऊक आहे. एकोणिसाव्या शतकात सरकारने इथली जमीन मैल-मैलाचे चौकोन पाडून एक आड एक रेल्वे कंपनीला दिली, मधले चौकोन जमातीकडे राहिले. १९५९ च्या कायद्याने तिथे ९९ वर्षांपर्यंतचे भाडेपट्टे करता येऊ लागले. म्हणूनच रस्ता ओलांडला की जमिनीचा प्रकार बदलतो. अशा गावात घर विकणाऱ्याने ही गोष्ट सगळ्यात आधी सांगायला नको का?

भाडेपट्ट्याला माझा विरोध नाही. नवी मुंबईत सिडकोच्या ६० वर्षांच्या पट्ट्यावरच्या घरात आमचा अर्धा संसार झाला. पण तिथे तो पहिल्या कागदावर लिहिलेला होता. इथे काय, तर एचओएची, म्हणजे घरमालकांच्या सोसायटीची, मासिक वर्गणी तुम्ही सांगितलीत, जमिनीचं भाडं त्याहून वेगळं द्यावं लागतं हे गाळलंत. जमीन आपली नसली तरी काउंटीचा मालमत्ता कर सुटत नाही, तेही नाही सांगितलंत.

खरी अडचण पुढे आहे. पट्टा कर्जाच्या मुदतीनंतरही निदान पाच वर्षं उरावा, असं बँका साधारणपणे मागतात. म्हणजे ३० वर्षांच्या कर्जाला ३५ वर्षं हवीत. इथे २४ उरली आहेत. आम्ही रोखीने घेणार होतो, त्यामुळे आम्हाला बँकेने अडवलं नसतं. उद्या आमच्या मुलीला हे घर विकायची वेळ आली असती, तर कर्ज काढून घेणारं गिऱ्हाईक तिने कुठून आणलं असतं? किंमत कमी होती ती याचमुळे, मालकांच्या घाईमुळे नव्हे.

विकणाऱ्याच्या बाजूनेही तुमचीच कंपनी होती. त्यामुळे ‘आम्हाला माहीत नव्हतं’ हे उत्तर मी ऐकून घेणार नाही.

व्यवहार आम्ही मुदतीत रद्द केला, इसार परत मिळाला. पण तपासणीचे ५२५ डॉलर गेले, ते तुम्ही भरून द्यावेत. जाहिरात चुकीची कशी छापली गेली याचा खुलासा तुमच्या सहीने लेखी हवा, बाईंच्या फोनवर भागणार नाही. आणि ती जाहिरात आजही तशीच दिसते आहे. ती आधी दुरुस्त करा. या वयात आयुष्याची पुंजी घेऊन इथे येणारे आम्ही एकटेच नाही, आणि टायटलचा अहवाल प्रत्येक जण वाचेलच असं नाही.

३० मेपर्यंत उत्तर आलं नाही, तर हीच कागदपत्रं कॅलिफोर्नियाच्या रिअल इस्टेट विभागाकडे पाठवीन.

आपला,
एक ग्राहक, फ्रीमाँट

सोबत: जाहिरातीची प्रत, टायटल अहवालाचं संबंधित पान, तपासणीची पावती