'जवळ' म्हणजे नक्की किती जवळ?

मा. संपादक,
स. न. वि. वि.

मागच्या रविवारच्या पुरवणीत टेबलावरच्या खेळांवर पानभर लेख आला, वाचून बरं वाटलं, कारण चाळिशीतल्या माणसांनी प्लास्टिकची जहाजं मांडून बसणं याला आमच्या घरात अजून 'पोरखेळ' हाच शब्द आहे. पण त्यात स्टार वॉर्स आर्मडाबद्दल जी चार वाक्यं होती त्यातलं एक खटकलं. "समोरच्याची सगळी जहाजं उडवली की आपण जिंकलो." असं नाहीये हो. सगळी उडवली तर डाव तिथंच संपतो हे खरं, पण तसं क्वचित होतं, आणि जो तेवढंच डोक्यात घेऊन बसतो तो निदान आमच्या टेबलावर तरी मार खातो.

ज्यांना हा खेळ माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. अमेरिकेतल्या मिनेसोटाच्या फँटसी फ्लाइट गेम्सने २०१५ साली काढलेला हा खेळ, सहा बाय तीन फुटांचं मैदान लागतं (आम्ही डायनिंग टेबलाला जुन्या दाराची फळी जोडतो), दोघांचे ४०० पॉइंटचे ताफे (प्रत्येक जहाजाची किंमत पॉइंटमध्ये ठरलेली असते), आणि फक्त सहा राउंड. सहावा राउंड संपला की हिशोब. समोरच्याचं जे जे नष्ट केलं त्याचे पॉइंट, वर ऑब्जेक्टिव्हमधून, म्हणजे त्या डावाचं उद्दिष्ट ठरवणाऱ्या कार्डातून, मिळालेले व्हिक्टरी टोकन. बरोबरी झाली तर सेकंड प्लेयर जिंकतो, हे तर निम्म्या लोकांना माहीतच नसतं.

सगळी गंमत ऑब्जेक्टिव्हमध्ये आहे. प्रत्येकजण तीन कार्डं घेऊन येतो, लाल हल्ल्याचं, पिवळं बचावाचं, निळं नॅव्हिगेशनचं, आणि फर्स्ट प्लेयरने सेकंड प्लेयरच्या तीन कार्डांतलं एक उचलायचं. स्वतःच्या नाही, समोरच्याच्या! म्हणजे पहिली चाल तुमची पण डाव त्याच्या मर्जीचा. नवीन माणूस इथंच फसतो. 'मोस्ट वॉन्टेड' हे कार्ड घ्या. त्यात सेकंड प्लेयर आपलं एक आणि समोरच्याचं एक जहाज निवडतो, ते नष्ट झालं की त्याची किंमत दुप्पट धरायची. तर शहाणा माणूस स्वतःचं ३९ पॉइंटचं कॉर्व्हेट पुढे करतो आणि समोरच्याचं १२० चं इम्पीरियल स्टार डिस्ट्रॉयर निवडतो. इकडे ७८, तिकडे २४०. (आमच्यात कॉर्व्हेटला 'गलबत' म्हणतात आणि मोठ्या जहाजाला 'गुराब', कान्होजी आंग्र्यांची आठवण म्हणून. त्याने खेळ काही बदलत नाही पण ऐकायला बरं वाटतं.)

आता पत्र लिहायचं खरं कारण. गेली दोन वर्षं आम्ही चौघं या खेळाची मोहीम, म्हणजे एकमेकींना जोडलेल्या लढायांची मालिका, खेळतोय, आणि या दोन वर्षांत जेवढी भांडणं झाली त्यातली बहुतेक नियमांमुळे झालीच नाहीत, ती आपल्या मराठीमुळे झाली. हसू नका, सांगतो.

'कॉन्टेस्टेड आउटपोस्ट' नावाचं एक कार्ड आहे. टेबलाच्या मधोमध स्पेस स्टेशन ठेवायचं, प्रत्येक राउंडच्या शेवटी स्टेशनपासून डिस्टन्स एकच्या आत कुणाची किती जहाजं आहेत ते बघायचं, त्यांच्या कमांड व्हॅल्यूची (प्रत्येक जहाजाला ठरलेला एक आकडा) बेरीज ज्याची जास्त त्याला एक टोकन, टोकनला २० पॉइंट. माझं ग्लॅडिएटर जहाज स्टेशनला खेटून, कमांड दोन. समोर भाचा, त्याचं नेब्युलॉन जहाज आत, कमांड दोन, आणि त्याचं एक कॉर्व्हेट जरा लांब, कमांड एक. तो म्हणाला कॉर्व्हेटपण जवळ आहे, तीन विरुद्ध दोन, टोकन मला. मी पट्टी लावली तर खरंच 'जवळ' मध्ये येत होतं. दिलं टोकन. पुढच्या राउंडला तसंच, त्याच्या पुढच्यालाही तसंच. तीन राउंड, साठ पॉइंट. चौथ्या राउंडला चहा घेऊन आलेली बायको पट्टी हातात घेऊन बघत होती, ती म्हणाली याला दोन बाजू का आहेत?

झालं! त्या पट्टीच्या एका बाजूला रंगाचे पट्टे असतात, क्लोज, मीडियम, लाँग, ते मुख्यतः गोळीबारासाठी. दुसऱ्या बाजूला एक ते पाच आकडे, ते कार्डावर 'डिस्टन्स' लिहिलं असेल तेव्हासाठी. क्लोजचा पट्टा डिस्टन्स एकपेक्षा चांगला अडीच-तीन बोटं लांब आहे. आणि आम्ही दोन्हीला 'जवळ' म्हणत होतो. कार्डावर स्वच्छ डिस्टन्स एक लिहिलेलं, वाचलं इंग्रजीत, बोललो मराठीत, मोजलं भलत्याच बाजूने. खरं तर तिन्ही राउंड दोन विरुद्ध दोन होते, म्हणजे टोकन कुणालाच नाही. मी म्हणलं साठ पॉइंट परत कर, तर भाचा म्हणतो, "मामा, आता रडीचा डाव खेळू नकोस, तूच मोजलंस ना." यावर मला उत्तर देता आलं नाही कारण पट्टी मीच धरली होती.

दुसरा शब्द 'गेलं'. हा तर भयंकर आहे. जहाज फुटलं तरी गेलं, टेबलाबाहेर पडलं तरी गेलं, पळून वाचलं तरी गेलं. एकाच डावापुरतं खेळताना चालून जातं पण मोहिमेत नाही चालत. आम्ही खेळतो ती 'कोरेलियन कॉन्फ्लिक्ट', दोन ते सहा जण दोन गटांत, नकाशावर ग्रहांसाठी मारामारी, सुरुवात ४०० ने आणि ताफा वाढवत नेऊन कमाल ५०० पर्यंत. यात जहाज नष्ट झालं की ते मोहिमेतून लगेच बाद होत नाही, त्याच्यावर डाग पडतो, आम्ही 'जखमी' म्हणतो. पॉइंट मोजून दुरुस्त करा नाहीतर तसंच घेऊन उतरा, आणि जखमी असताना परत नष्ट झालं तर मात्र संपलं. म्हणजे इथं 'गेलं' चे अर्थ वेगवेगळे, आणि प्रत्येकाची किंमत वेगळी.

आमचा बँकेतला मित्र, मोजूनमापून खेळणारा माणूस, त्याचं ८५ पॉइंटचं व्हिक्टरी नावाचं जहाज अडचणीत सापडलं तेव्हा त्याने ते शांतपणे वळवून टेबलाच्या कडेबाहेर काढलं आणि म्हणाला, "पळालो." आम्ही म्हणलं पळालास नाही, मेलास. कडेबाहेर गेलेलं जहाज नष्ट धरतात हा मूळ पुस्तिकेतला नियम, आणि मोहिमेत हायपरस्पेसमध्ये माघार घ्यायची वेगळी रीत दिलेली आहे, ती तशीच पाळायची. तो म्हणे मैदान सोडणं म्हणजे माघारच की, शब्दशः तेच आहे. मराठीत बघितलं तर त्याचं बरोबरच होतं! त्या रात्री साडेबारापर्यंत वाद चालला, खालच्या मजल्यावरच्या काकांनी बेल वाजवून विचारलं की कुणी आजारी आहे का.

माघारीवरून अजून एक, हे लेखात यायला हवं होतं असं मला वाटतं. मोहिमेत एक लढाई जिंकणं आणि मोहीम जिंकणं यात फार अंतर असतं. १६६५ च्या पुरंदरच्या तहात महाराजांनी २३ किल्ले दिले आणि १२ राखले, शाळेत आपण सगळ्यांनी हे पाठ केलंय, पण टेबलावर बसलं की विसरतो. मीच एकदा शेवटच्या राउंडला स्टेशनसाठी हट्टाने तीन जहाजं घुसवली, लढाई थोडक्यात जिंकलो, तिन्ही जखमी. पुढचे दोन आठवडे सगळे पॉइंट दुरुस्तीत गेले आणि समोरचा गट नवीन जहाजं विकत घेत बसला होता.

कुणी म्हणेल एवढं काय, कंपनीला विचारा. तेच तर नाही ना आता. २०२० मध्ये हा खेळ ॲटॉमिक मास गेम्सकडे गेला आणि २०२४ मध्ये त्यांनी यावरचं काम थांबवल्याचं जाहीर केलं. म्हणजे नवीन खुलासे येणार नाहीत, पंच घरी गेला, आता मैदानात राहिलेल्यांनीच निकाल लावायचा. पुस्तिकेतले दोन दंडक तेवढे पक्के आहेत, कार्ड आणि पुस्तिका यांचं जमलं नाही तर कार्ड खरं, आणि कार्डावर 'कॅनॉट' असेल तर त्यापुढे कुणाचं काही चालत नाही. बाकी सगळं तुमच्या चार डोक्यांवर. कॅरममध्ये क्वीन घेतल्यावर कव्हर कधी घ्यायचं यावरून दोन गल्ल्यांचे दोन नियम असतात की नाही, तसंच. फरक एवढाच की कॅरमचा डाव अर्ध्या तासात संपतो आणि ही मोहीम महिनोन्‌महिने चालते, चुकीचा निकाल तेवढे दिवस डोक्यावर बसून राहतो.

म्हणून आम्ही आता एक दोनशे पानी वही ठेवलीये. शंका आली की जो त्या लढाईत नाहीये त्याने कार्ड मोठ्यांदा वाचायचं, निकाल लिहायचा, आणि तो पुढच्या लढाईपासून लागू, चालू डावात नाही. हे शेवटचं फार गरजेचं होतं, कारण चालू डावात ज्याला जो अर्थ फायद्याचा त्याला तोच खरा वाटतो, यात मीपण आलो. 'मे' आणि 'मस्ट' दोन्हीला 'करायचं' म्हणणं बंद. 'गेलं' बंद, त्याऐवजी फुटलं, पडलं किंवा पळालं. 'जवळ' म्हणणाऱ्याने पुढच्या वेळचे वडापाव आणायचे.

तेवढं ते जहाजं उडवण्याचं वाक्य पुढच्या पुरवणीत दुरुस्त करता आलं तर बघा. आणि लेखासोबतच्या फोटोत मोजपट्टीची रंगीत बाजू वर आहे, आकड्यांची बाजूही एकदा छापा. भाच्याला कात्रण दाखवायचंय, साठ पॉइंट अजून आले नाहीत.

आपला,
एक नियमित वाचक, डोंबिवली (पूर्व)