टॅपेट वाजू द्या, पण गप्प करू नका

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

मागच्या रविवारच्या पुरवणीत जुन्या मोटरसायकलींच्या देखभालीवर लेख आलाय, त्यात "टॅपेटचा टकटक आवाज आला की लगेच टाइट करून घ्या" असं छापलंय आणि स्प्लेंडर, बुलेट, आरएक्स १०० अशी तीन नावं एका दमात घेतलीत. टॅपेट म्हणजे कॅमचा धक्का व्हॉल्व्हपर्यंत पोचवणारा भाग. आधी आरएक्सचं सांगतो. ती टू-स्ट्रोक गाडी, हेडमधे (इंजिनच्या वरच्या भागात) हवा आत घेणारे आणि धूर बाहेर सोडणारे व्हॉल्व्ह नाहीत, ते उघडायला कॅम नाही, रॉकर नाही, मग टाइट करणार काय? ती १९९६ ला बंद झाली तरी आमच्याकडे सांगली-मिरजेत पोरं तिच्यासाठी वाट्टेल ते पैसे मोजतात, त्यामुळे गॅरेजच्या बिलात आरएक्सला कुणी "टॅपेट सेटिंग" लावलं तर सरळ म्हणा, दाखव बाबा कुठं आहेत ते.

आता मुख्य मुद्दा. आवाज आला की टाइट करा हा सल्ला अर्धवट आहे आणि त्यानं इंजिनचं वाटोळं होऊ शकतं. व्हॉल्व्ह आणि रॉकरमधे गॅप मुद्दाम ठेवलेला असतो, छोट्या इंजिनात साधारण ०.०५ ते ०.१० मिमी, म्हणजे डोक्यावरच्या केसाएवढा, कारण तापल्यावर व्हॉल्व्हची दांडी लांबते आणि तिला जागा लागते. गॅप वाढला तर वाजतं, व्हॉल्व्ह उशिरा आणि कमी उघडतो, पिकअप थोडा जातो, पण निदान कानाला कळतं तरी. गॅप संपला तर काहीच कळत नाही, उलट गाडी एकदम स्मूथ, मालक खूश, मेकॅनिकची तारीफ. आत मात्र एक्झॉस्ट (धूर सोडणारा) व्हॉल्व्ह सीटवर, म्हणजे तो मिटतो त्या कड्यावर, पूर्ण टेकत नाही, आणि तो थंड होतो तोच मुळात सीटला टेकून, त्यामुळे उष्णता अडकते, वर पेटता गॅस त्या फटीतून सुसाट निघतो आणि व्हॉल्व्हची कड जळते. मग गरम गाडी स्टार्ट होईना, आयडलिंग टिकेना, कम्प्रेशन गेलं, आणि अर्ध्या तासाचं काम हेड उतरवण्यावर जातं.

आणि गॅप फक्त वाढतोच असं नाही हो. व्हॉल्व्ह सीटमधे घासत आत बसतो तशी त्याची दांडी वर येते आणि गॅप कमी होतो. पूर्वी पेट्रोलमधलं शिसं सीटला थोडं सांभाळायचं, २००० सालापासून देशभर बिनशिशाचं पेट्रोल आलं (हवेसाठी चांगलंच झालं), पण मऊ सीटच्या जुन्या इंजिनांकडे तेव्हापासून जास्त लक्ष द्यायला हवं. हिरो होंडाच्या सीडी १०० ची जाहिरात होती ना, "फिल इट, शट इट, फर्गेट इट", ती पेट्रोलबद्दल होती, लोक टॅपेटसुद्धा विसरले.

बऱ्याच गॅरेजमधे काय चालतं, गिऱ्हाईक आत्ता गाडी चालवत आलंय, इंजिन भट्टीसारखं तापलंय, आणि मेकॅनिक कानानं ऐकत स्क्रू फिरवतो. कंपनीच्या पुस्तकातला गॅप थंड इंजिनचा असतो, तेव्हा गाडी रात्री गॅरेजला ठेवून सकाळी काम करायला सांगा. स्प्लेंडरला डावीकडच्या मॅग्नेट कव्हरची दोन बुचं काढायची, क्रँक (इंजिनचा मुख्य दांडा) हळू फिरवून टी मार्क, म्हणजे पिस्टन सगळ्यात वर आल्याची निशाणी, खुणेला लावायचा आणि दोन्ही रॉकर हातानं हलवून बघायचे. क्रँक दोन फेरे फिरतो तेव्हा कॅम एकदा फिरतो, म्हणून टी मार्क दर फेऱ्याला दिसतो पण कम्प्रेशनचा टॉप (पिस्टन वर आणि दोन्ही व्हॉल्व्ह मिटलेले) एकाआड एक येतो. रॉकर आवळलेले वाटले तर अजून एक पूर्ण फेरा फिरवा. मग फिलर गेजचं (गॅप मोजायच्या पात्यांच्या हत्याराचं) पातं जरा ओढ लागून सरकलं पाहिजे. लॉकनट आवळताना स्क्रू थोडा फिरतोच, त्यामुळे आवळल्यावर पातं परत घालून बघायचं. हे परत बघणं नव्वद टक्के लोक टाळतात, हा माझा अंदाज.

जुन्या कास्ट आयर्न इंजिनच्या बुलेटला पद्धतच वेगळी. उजव्या बाजूचं टॅपेटचं झाकण काढायचं, प्लग काढून भोकावर अंगठा धरायचा आणि किक हळू दाबायची, हवा अंगठा ढकलायला लागली की कम्प्रेशन, तिथून पिस्टन टॉपला आणायचा. इथे फिलर गेज नाही, पुशरॉड (टॅपेटपासून वर रॉकरपर्यंत जाणारी दांडी) दोन बोटांनी सहज फिरला पाहिजे आणि वर-खाली खेळ नको. पाने तीन लागतात आणि हात दोनच, म्हणून सोबत कुणीतरी असलेलं बरं.

नंतरच्या यूसीई इंजिनच्या (इंजिन आणि गिअरबॉक्स एकाच खोक्यात असलेल्या) बुलेटला हायड्रॉलिक टॅपेट आहेत, ते तेलाच्या दाबानं गॅप आपोआप सांभाळतात, तिथे सेट करायला काही नाहीच. तेव्हा लेखकानं नुसतं "बुलेट" न लिहिता कुठलं इंजिन ते लिहावं, आणि आरएक्सची दुरुस्ती पुढच्या रविवारी त्याच पानावर छापावी ही विनंती.

आपला नियमित वाचक,
मिरज