नवजात बाळांची उपकरणे कणकुंबीचा पाऊस पाहून घडवावीत

मा. संपादक,
स. न. वि. वि.

नवजात बाळांसाठी तयार होणाऱ्या कमी खर्चाच्या उपकरणांचे कौतुक होते ते त्यांच्या किमतीमुळे, आणि आयटीआयमध्ये आयुष्यभर दुरुस्ती शिकवलेल्या माझ्यासारख्याला नेमकी हीच मोजपट्टी अपुरी वाटते. बेळगाव जिल्ह्यातल्या खानापूर तालुक्याच्या पश्चिम भागात, जांबोटी-कणकुंबीच्या पट्ट्यात, जुलैचा पाऊस लागला की तारांवर झाडे पडून वीज जाते, आणि आली तरी व्होल्टेज इतके खाली-वर होते की लोक टीव्हीची पिनसुद्धा काढून ठेवतात. गेल्या पावसाळ्यात माझ्या पुतणीला १,८०० ग्रॅम वजनाची मुलगी झाली. तिथल्या आरोग्य केंद्रात वॉर्मर, म्हणजे बाळाला ऊब देणारे यंत्र, होता, पण तापमान मोजण्यासाठी बाळाच्या त्वचेला चिकटवायचा सेन्सर तुटलेला असल्याने त्यावर औषधांची खोकी रचून ठेवली होती. तो सेन्सर म्हणजे एक तार आणि एक पिन. मात्र पिन त्याच कंपनीची लागते आणि ती बाजारात मिळत नाही.

एवढ्याशा बाळाच्या अंगावर चरबी फारशी नसते आणि वजनाच्या मानाने त्वचा जास्त असते, त्यामुळे ते भराभर गार पडते, ३६.५ अंश सेल्सिअसच्या खालचे तापमान धोक्याचे मानतात. बाळंतिणीच्या बाजेखालच्या शेगडीने खोली उबेपेक्षा धुरानेच अधिक भरते. (हे बोललो की घरातल्या वडीलधाऱ्या बायका माझ्यावर रागावतात.)

२००७ साली स्टॅनफर्ड विद्यापीठातील विद्यार्थी बाळांना उबेत ठेवणारी काचेची पेटी (इन्क्युबेटर) स्वस्तात बनवण्याच्या विचाराने निघाले होते. त्यांच्यापैकी एक जण नेपाळला गेला, तेव्हा त्याला शहरातल्या रुग्णालयात पेट्या रिकाम्या दिसल्या, कारण अशी बाळे दूरच्या खेड्यांत जन्मत होती. मग त्यांनी पेटीचा नाद सोडून 'एम्ब्रेस' ही झोपण्याची पिशवी घडवली आणि पुढे बंगळूरमध्ये तिचे काम वाढवले. तिच्यातला मेणासारखा पदार्थ एकदा तापवला की गोठता गोठता चारेक तास सुमारे ३७ अंशांची ऊब देत राहतो, म्हणजे मधल्या काळात वीज गेली तरी चालते. आमच्या मुलीला तर उपकरणही मिळाले नाही. आशाताईंच्या सांगण्यावरून पुतणीने तिला उघड्या छातीशी बांधून, वरून शाल गुंडाळून बेळगावपर्यंत नेले. कोलंबियातील बोगोटा येथे १९७० च्या दशकाच्या अखेरीस पेट्या अपुऱ्या पडल्या म्हणून सुरू झालेली 'कांगारू' पद्धत ती हीच.

अशी साधी साधने वापरणे बेळगावला नवे नाही. येथील जवाहरलाल नेहरू वैद्यकीय महाविद्यालयाच्या संशोधकांचा सहभाग असलेला, ग्रामीण भागातील प्रसूतीनंतरच्या रक्तस्रावाचा अभ्यास २००६ साली 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात आला. त्यात रक्त मोजले गेले ते मापाच्या खुणा असलेल्या प्लास्टिकच्या पिशवीने. तिला वीज नको, सुटा भाग नको, आणि नर्सबाईंना आकडा सरळ वाचता येतो.

म्हणून वैद्यकीय व अभियांत्रिकी महाविद्यालये आणि उद्यमबागेतील कारखानदार यांना माझी विनंती आहे की, बाळांच्या उपकरणांचा आराखडा कागदावर उतरण्याआधी त्यांनी जुलैतला एक आठवडा कणकुंबीच्या बाजूला काढावा. पिना बाजारात मिळणाऱ्या असाव्यात, आणि सूचना इंग्रजीत न छापता चित्रांसह कन्नड व मराठीत द्याव्यात, कारण इथल्या एकाच केंद्रात नर्सबाई कन्नड वाचतात आणि बाळाची आजी मराठी. सोबत कोणी नसेल तर वाट दाखवायला मी येईन, हत्यारांची पेटीही माझ्याकडे आहे.

आपला विश्वासू,
एक निवृत्त आयटीआय निदेशक, खानापूर