कॅम नवा आणि टॅपेट जुने, हे चालणार नाही

मा. संपादक यांस,
स. न. वि. वि.

जुन्या गाड्या नव्याने उभ्या करणाऱ्यांवर आपल्या रविवार पुरवणीत लेख येतात. ते मी आवर्जून वाचतो. रंग, क्रोम, गादीकाम यांवर त्यांत भरभरून असतं, इंजिनाचं मात्र 'इंजिनकाम करून घेतलं' एवढ्यावर आटोपतं. खरा पैसा आणि मनस्ताप तिथेच जातो. मी कोल्हापूरच्या शिवाजी उद्यमनगरात इंजिनं बांधतो, आणि एकाच गोष्टीसाठी हे पत्र लिहितो आहे. कॅमशाफ्ट (व्हॉल्व्ह उघडणारा फिरता दांडा, आमच्या भाषेत कॅम) आणि टॅपेट (त्यावर टेकून वरखाली होणारा तुकडा) जोडीनेच घ्यायला हवेत, आणि ते सर्रास सुटे घेतले जातात.

गेल्या पावसाळ्यात एक अँबॅसडर आली. जुनं १४८९ सीसीचं पेट्रोल इंजिन, ब्रिटिश बीएमसीच्या घराण्यातलं. कॅम ब्लॉकमध्ये, त्यावर आठ टॅपेट, मग टॅपेटची हालचाल वर नेणारे दांडे म्हणजे पुशरॉड, आणि व्हॉल्व्ह दाबणारे रॉकर. दुसऱ्या गावी बोअरिंग (सिलिंडर कापून मोठं करणं), पिस्टन, बेअरिंग सगळं नुकतंच झालेलं, तरी टकटक थांबेना आणि चढाला गाडी दम टाकायची. या इंजिनाच्या ब्लॉकला बाजूने दोन झाकणं असतात. रॉकर आणि पुशरॉड काढले की तिथून टॅपेट हाताने उचलून घेता येतात. पहिलाच उचलला आणि कारण कळलं. तळ मधोमध खोलगट, कडेला खड्डे. कॅम उतरवला तर दोन लोबांची, म्हणजे टॅपेट उचलणाऱ्या उंचवट्यांची, टोकं गोल झालेली. कॅम नवा घातला होता, टॅपेट मात्र जुनेच ठेवले होते. झिजलेल्या लोखंडाची पूड तेलातून फिरून नव्या बेअरिंगांत रुतली होती. मालकाला अख्खं इंजिन पुन्हा उघडावं लागलं.

अशा टॅपेटला 'फ्लॅट' म्हणतात, पण नव्या टॅपेटचा तळ सहसा अगदी सपाट नसतो. त्याला स्टीलपट्टीची धार लावून उजेडाकडे धरा, कडांशी बारीक उजेड दिसेल. मध्यभाग मिलिमीटरच्या काही शतांश भागाइतका उचललेला असतो. लोबलाही किंचित उतार दिलेला असतो. त्यामुळे लोब वर येताना टॅपेट स्वतःभोवती थोडा फिरतो आणि झीज सगळीकडे सारखी वाटली जाते. जात्याच्या दोन दगडांसारखे हे दोघे एकमेकांवर घासून बसतात. एका लोबवर बसलेला टॅपेट दुसऱ्या लोबवर नीट फिरत नाही, आणि फिरणं थांबलं की लोब खाल्ला जातो. म्हणून नव्या कॅमला टॅपेट नवेच हवेत. जुना कॅम ठेवायचा असेल तर प्रत्येक टॅपेट स्वतःच्याच घरात परत गेला पाहिजे. पुठ्ठ्याला आठ भोकं पाडून आकडे घालायला पाच मिनिटं लागतात.

दुसरी अडचण ग्राइंड केलेल्या, म्हणजे झिजल्यावर घासून पुन्हा आकार दिलेल्या कॅमची. ग्राइंड करताना लोबचा मूळ गोल (उंचवटा सोडून उरलेला गोल भाग) लहान होतो, टॅपेट तेवढा खाली बसतो आणि रॉकरचा स्क्रू पार शेवटापर्यंत फिरवावा लागतो. तिथे पुशरॉडची लांबी तपासायलाच हवी. वरची कडक कातडी निघून गेली असेल तर नवे टॅपेट घालूनही उपयोग नाही.

बुलेटवाल्यांनाही हे लागू आहे. जुन्या बिडाच्या इंजिनात दोन सुटे कॅम आणि दोन टॅपेट असतात. थंड इंजिनात, कॉम्प्रेशनच्या टीडीसीवर (पिस्टन अगदी वर, दोन्ही व्हॉल्व्ह बंद) पुशरॉड बोटांनी सहज फिरेल पण वरखाली हलणार नाही, असं सेटिंग करायचं. पुढच्या यूसीई इंजिनात (इंजिन आणि गिअरबॉक्स एकाच घरात) रोलरचे हायड्रॉलिक, म्हणजे तेलाच्या दाबाने गॅप आपोआप भरून काढणारे टॅपेट आले, तिथे हातचं सेटिंग नाहीच. हायड्रॉलिकसाठी कापलेला कॅम आणि गॅप ठेवून चालणाऱ्या साध्या टॅपेटचा कॅम यांच्या लोबचा चढ वेगळा असतो. 'स्पोर्ट' कॅम विकत घेताना तो कोणत्या टॅपेटसाठी आहे आणि त्याला स्प्रिंग कोणती लागते, हे आधी विचारा. माझ्या मते इंजिनकामाचा बेत इथूनच ठरवावा. बोअरिंग नंतर.

पहिल्यांदा चालू करताना होणारं नुकसान तर डोळ्यांदेखत होतं. प्लग काढून स्टार्टरवर इंजिन बराच वेळ फिरवत बसतात, मग आयडलला सोडून चहाला जातात. बऱ्याच जुन्या इंजिनांत लोबला तेल मिळतं ते मुख्यतः उडणारं, आणि स्टार्टरवर किंवा आयडलला ते कमी उडतं. लोबना आणि टॅपेटच्या तळांना मॉलिब्डेनमची पेस्ट लावावी, कार्ब्युरेटर भरून, टायमिंग लावून इंजिन एका झटक्यात चालू करावं आणि साधारण २० मिनिटं २००० ते २५०० आरपीएमवर ठेवावं. तेलही बघून घ्यावं. २००४ च्या एपीआय एसएम या तेलाच्या दर्जापासून (एपीआय म्हणजे अमेरिकन पेट्रोलियम इन्स्टिट्यूट) पातळ ग्रेडच्या पेट्रोल तेलांत फॉस्फरसला ०.०८ टक्के मर्यादा आली, म्हणजे झीज रोखणारं झिंक-फॉस्फरसचं संयुगही कमी झालं. जुन्या फ्लॅट टॅपेटला झिंक जास्त असलेलं तेल द्यावं.

सुट्या भागांच्या दुकानदारांना माझी कळकळीची विनंती आहे, कॅम मागायला आलेल्याला टॅपेटचा सेटही दाखवा. गॅरेजवाल्यांनी कोटेशनमध्ये दोन्ही एका ओळीत लिहावेत. आणि गाडीमालकांनी काढलेले टॅपेट मागून घ्यावेत, तळ स्वतः उजेडाला धरून पाहावेत. आपल्या पुरवणीने पुढच्या लेखात मालकाला एवढंच विचारावं, की कॅम कोणता घातला आणि त्याला टॅपेट कोणते.

आपला,
एक इंजिन मिस्त्री
शिवाजी उद्यमनगर, कोल्हापूर