आवाहन : जुना संगणक कबाड्याला देण्याआधी मंडळाला द्या

सप्रेम नमस्कार.

दिवाळीची साफसफाई सुरू झाली आहे. माळ्यावरचे संगणक, यूपीएस, प्रिंटर आता खाली उतरतील, म्हणून हे पत्र घाईनेच काढत आहोत.

आपल्या अभ्यासिकेतले संगणक कसे उभे राहिले, हे आपणांस ठाऊक आहेच. बर्डीवरच्या दुरुस्तीवाल्या मंडळींनी सुट्या रॅम आणि केबली एक पैसा न घेता दिल्या. महालातल्या निवृत्त शिक्षिकाबाईंनी आपला चालू संगणक की-बोर्ड-माउससकट पुसूनपासून पाठवला. धरमपेठेतल्या सीए कार्यालयाने तर बदललेले सगळे संगणक भंगाराचा भावही न विचारता दिले, आणि टेम्पोचे भाडे नेहमीच्या गणेशोत्सव वर्गणीदारांनी परस्पर चुकते केले. दोन बंद संगणकांतून एक चालू निघतो, तो या मंडळींच्या जिवावर. मुले त्यावर टायपिंगचा सराव करतात, परीक्षांचे फॉर्म भरतात.

मागच्या आवाहनाला मात्र काहींनी रॅम आणि हार्डडिस्क काढून घेऊन नुसते पत्र्याचे डबे पाठवले. बोलू नये, पण वाईट वाटले. बऱ्याच जणांनी तर चौकशीही केली नाही. सामान थेट भंगारात गेले. तिथे तांब्यासाठी वायरी जाळतात, पीव्हीसीचा विषारी धूर होतो. जुन्या डबा-मॉनिटरच्या नळीवरचे तांब्याचे वेटोळे ओढताना नळीची मान मोडते. त्या काचेत शिसे असते. १ एप्रिल २०२३ पासून लागू झालेल्या ई-कचरा नियमांनुसार हे सामान नोंदणीकृत रिसायकलरकडेच जायला हवे. दुरुस्त न होणारे सगळे आम्ही तिकडेच पाठवतो.

सध्या अडले आहे ते किरकोळ वस्तूंपायी. मदरबोर्डवरचा (संगणकाच्या मुख्य सर्किट-पाटीवरचा) घड्याळ चालवणारा नाण्याएवढा सीआर २०३२ सेल संपला की संगणकाची तारीख मागे जाते आणि फॉर्मची साइट सुरक्षेची सूचना दाखवून उघडतच नाही; संगणक बिघडला असे समजून लोक तो टाकून देतात. उन्हाळ्यात आपोआप बंद पडणाऱ्यांत बहुधा प्रोसेसरवरची उष्णता बाहेर नेणारी थर्मल पेस्ट वाळलेली किंवा पंखा धुळीने जाम झालेला असतो. तेव्हा हवे आहेत : सीआर २०३२ सेल, थर्मल पेस्ट, ४ जीबीच्या डीडीआर-३ रॅम (डीडीआर-४ ची खाच वेगळ्या जागी असते, ती या बोर्डांत बसत नाही), २४० जीबीच्या साटा एसएसडी (हार्डडिस्कच्या जागी बसणाऱ्या वेगवान डिस्क) आणि यूपीएससाठी १२ व्होल्ट ७ एएचच्या बॅटऱ्या.

माहिती चोरीला जाईल ही धास्ती रास्त आहे. नुसत्या क्विक फॉरमॅटने फाइली जात नाहीत. चालू हार्डडिस्क आम्ही पूर्ण शून्यांनी भरून घेतो, बंद असेल तर आतल्या चकत्यांना भोके पाडतो. हवे तर समोर उभे राहून पाहा.

फुगलेली मोबाइल-लॅपटॉप बॅटरी दाबू वा टोचू नका, इतर सामानात मिसळू नका. कोरड्या वाळूच्या पत्र्याच्या डब्यात वेगळी आणा. एसएमपीएस (संगणकाला वीज पुरवणारा आतला डबा) घरी उघडू नका, प्लग काढल्यावरही कपॅसिटरमध्ये झटका शिल्लक असतो. सीएफएल, ट्यूबलाइट घेत नाही.

सामान दिवाळीपर्यंत दर रविवारी सकाळी ९ ते १२, मंडळाच्या सभागृहात, मागच्या दाराने. जड सामानासाठी टेम्पो, नाव शनिवारपर्यंत वहीत. देणगी रोख वा धनादेशाने, पावती लगेच. स्क्रू-ड्रायव्हर धरता येणारे दोन-तीन हातही हवेत.

आपला,
सचिव